हातावर हात मारलेला सौदा अजून चालतो का?

बांधावरून | २४ सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिलाच. दोन दिवस घरात जेवताना दुसरा विषय नाही, म्हणून इथं टाकतो.

आमचा २०१६ चा ४५ एचपीचा ट्रॅक्टर विकायला काढलाय. गाव सांगली जिल्ह्यात, ऊसपट्ट्यात. गौरी विसर्जनाच्या दिवशी, २ सप्टेंबरला, शेजारच्या तालुक्यातले एक पाहुणे बघायला आले. माणूस जाणता. आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवून बघितला, आधीच चालू करून गरम करून ठेवलाय का म्हणून. मग थंड इंजिनावर सेल्फ मारायला लावला, धूर बघितला, डिपस्टिक काढून ऑइल अंगठ्याला चोळलं. शेवटी मागं जोडलेला रोटर (मशागतीचं अवजार) वर उचलायला लावला, इंजिन बंद करायला सांगितलं आणि चहा होईस्तोवर तो आपोआप खाली बसतो का ते बघत राहिले. बसला नाही.

अण्णा ४ लाखांवरून, ते साडेतीनवरून, असं करत करत ३ लाख ८५ हजारांवर येऊन थांबले. अण्णांनी हात पुढं केला, पाहुण्यांनी त्यावर टाळी दिली. ११ हजार विसार रोख. बाकी रक्कम घटस्थापनेला, ट्रॅक्टर त्याच दिवशी न्यायचा. कागद काही नाही. आमच्यात कधी केलाच नाही. दोन बैलजोड्या, विहिरीवरचं इंजिन, एक ट्रॉली, सगळं असंच आलं आणि असंच गेलं.

३ तारखेला सकाळी गावातलाच एकजण ३ लाख ९० हजार द्यायला तयार झाला. अण्णांनी ‘शब्द गेलाय बाबा’ म्हणून चहा पाजून त्याला परत पाठवलं. आणि त्याच रात्री टीव्हीवर जीएसटी परिषदेचा निर्णय. ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्के, २२ सप्टेंबरपासून. २२ सप्टेंबर म्हणजे नेमकी घटस्थापना!

परवा पाहुणे आले नाहीत, फोन आला. ‘नवाच पन्नास हजारांनी उतरलाय. ३ लाख ३५ ला द्या, न्हाईतर इसार माघारी द्या.’ अण्णांनी फोन ठेवला, तेव्हापासून ओसरीवर येरझाऱ्या चालू आहेत. त्यांचं म्हणणं, भाव वर गेला असता तर मी वाढवून मागितले असते का? धाकटा भाऊ म्हणतो, कागद नाही तर काहीच नाही, विसार देऊन टाका आणि मोकळे व्हा.

तुमच्याकडे काय चालतं? आणि कायद्यात अशा सौद्याला काही किंमत आहे का?


काळी_कसदार | रात्री ९.५२

शब्द फिरवला, विसार बुडाला. यात विचारायचं काय?


नांगरट | रात्री १०.०५

विचारायचं काही नसतं तर धागा निघाला नसता. बसतो इथंच, शेंगा घेऊन.


जुना_बाजार | रात्री ११.१८

साठी उलटलीय, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

माझे वडील बैलांचा व्यापार करायचे. सांगोला, खरसुंडी, अकलूज, सगळे बाजार पायाखालचे. भाव तोंडानं बोलायचा नाही. दलाल खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकायचा आणि खाली बोटं दाबली जायची. किती बोटं, आणि ती शंभराची की हजाराची, हे धरणाऱ्या दोघांनाच कळायचं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडिलांनी घरी टॉवेलखाली माझी बोटं दाबून हे शिकवलं. ‘बोल किती’ म्हणून डोळ्यांत बघायचे. चुकलो की बोट जरा जास्तच दाबलं जायचं.

पण आज लोक सांगतात तसा तो ‘नुसत्या शब्दावरचा’ व्यवहार नव्हता हो. दलाल साक्षीला असायचा. भोवती दहा माणसं. बाजार समितीची पावती फाटायची. बैल औताला चालला नाही तर किती दिवसांत परत घ्यायचा हेही तिथंच बोललं जायचं. आणि मुख्य म्हणजे पुढच्या आठवड्याला त्याच बाजारात, त्याच दलालासमोर तोंड दाखवायचं असायचं. शब्द मोडणाऱ्याला कुणी कोर्टात खेचत नव्हतं. उपरण्याखाली त्याचा हात कुणी धरत नव्हतं, एवढंच. तेवढं पुरायचं.

तुमचे पाहुणे मोबाइलवर जाहिरात बघून आले असणार. त्यांना तुमच्या ओसरीवर परत यायचं कारण काय? अण्णांनी टाळी जुन्या बाजारातली दिली, पण तो बाजार भोवती नव्हता.


बांधावरून | रात्री ११.३०

काका, जाहिरात बघूनच आले. पण सोबत आमच्या गावचा जावई होता, तो त्यांच्या गावचा. साक्षीला म्हणाल तर तोच एक.


कोर्टकचेरी | २५ सप्टेंबर, सकाळी ७.१५

तालुका कोर्टात वकिली करते, त्यामुळे आधी कायदा.

तोंडी सौदा कायद्याला चालतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १० आणि १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ५ बघा. ट्रॅक्टर ही जंगम वस्तू, तिचा सौदा लेखी करा, तोंडी करा, अर्धा असा अर्धा तसा करा. जमिनीच्या खरेदीखतासारखी सक्ती इथं नाही. तेव्हा ‘कागद नाही तर काहीच नाही’ हे तुमच्या भावाचं म्हणणं चूक. कागद नसला तर सौदा नाही असं होत नाही, फक्त तो सिद्ध करताना घाम फुटतो.

उलट त्याच मालविक्री कायद्याचं कलम २० वाचलंत तर अण्णांची येरझार वाढेल. ठरावीक वस्तू, ताबा देण्याजोगी, आणि सौदा बिनशर्त. असं असेल तर मालकी सौदा झाला त्याच क्षणी घेणाऱ्याकडे जाते. पैसे आणि ताबा नंतरचा असला तरी. दोघांचा इरादा वेगळा होता असं दिसलं तर गोष्ट निराळी. आणि जिकडे मालकी तिकडे जोखीम. म्हणजे ३ तारखेला रात्री गोठ्याला आग लागून ट्रॅक्टर जळाला असता, तर नुकसान कुणाचं? चहा पिताना हे कुणी ठरवतं का?

जीएसटीचं: तुम्ही दोघंही शेतकरी, तुमच्या आपसातल्या व्यवहारात जीएसटी नाहीच. कर उतरला म्हणून तुमचा आकडा आपोआप उतरत नाही. बाजार पडला, इतकंच. आणि बाजार पडला हे सौदा मोडायचं कारण म्हणून कायदा धरत नाही.

पण निकाल द्यायची घाई नको. विसार बुडेल असं त्या दिवशी स्पष्ट बोलणं झालं होतं का? ११ हजार हे सौदा पाळण्याची हमी म्हणून होते की नुसते किमतीतले आगाऊ? पहिलं असेल तर ते अडवून ठेवायला आधार मिळतो, दुसरं असेल तर तुमचं खरंच किती नुकसान झालं ते दाखवावं लागेल. आणि हे आधी सांगा, आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का?


पऱ्हाटी | सकाळी ८.४०

आमच्या यवतमाळकडे याला इसारच म्हणतात. घेणारा फिरला तर इसार बुडाला, देणारा फिरला तर दुप्पट परत. हे लहान पोरालाही माहीत असते, बोलून दाखवाची गरज नसते. वकीलबाईंचा कायदा हे मानते का?


कोर्टकचेरी | सकाळी ८.५८

रूढी पुराव्यानं दाखवता आली तर न्यायाधीश ऐकतात. ‘दुप्पट परत’ मात्र जसंच्या तसं मिळेल असं धरू नका. कलम ७४ खाली कोर्ट वाजवी भरपाई बघतं, ठरलेला आकडा ही तिची वरची मर्यादा.


पऱ्हाटी | सकाळी ९.१०

म्हणजे गावात दुप्पट अन् कोर्टात वाजवी. बरं.

माझा अनुभव मालकीचा नाही, भाड्याचा आहे. दरवर्षी पंजाबातून हार्वेस्टर येतात. एकराचा भाव फोनवर ठरते, तारीख फोनवर ठरते. एका साली सोयाबीन वाळून शेंगा तडकायला लागल्या अन् आमचा ठरलेला हार्वेस्टर दोन मैलांवर दुसऱ्याच्या वावरात! त्यानं एकरी २०० जास्त कबूल केले होते. मी जाऊन उभा राहिलो तर ड्रायव्हर म्हणते, ‘मालिक से बात करो.’ मालिक तिकडे पंजाबात. आता त्या २०० रुपयांसाठी अन् सांडलेल्या दाण्यांसाठी मी कोणत्या कोर्टात जाऊ?


शोरूमवाला | दुपारी १.२०

ट्रॅक्टरच्याच शोरूममध्ये आहे, कंपनी विचारू नका. ४ ते २१ सप्टेंबर आम्ही अक्षरशः माशा मारल्या. बुकिंग केलेला प्रत्येक माणूस ‘२२ ला बिल करा’ म्हणून बसला होता, आणि त्यांचं बरोबर होतं, कारण कर बिलाच्या तारखेचा लागतो.

आता तुमचा आकडा. १२ टक्के धरून साडेसात लाखांना असलेला नवा ट्रॅक्टर साधारण ४७ हजारांनी उतरला. पाहुण्यांनी नव्याची सगळी घसरण उचलून तुमच्या जुन्यावर टाकलीय. तुमचा जुना निम्म्या किमतीचा. तोच हिशेब ३ लाख ८५ हजारांना लावला तर २४ हजार येतात. तेव्हा ५० जास्त मागतायत. पण अण्णा ३ लाख ८५ धरून बसले तर आज तेवढे देणारा दुसरा कुणी मिळणार नाही, हेही सांगून ठेवतो. ३ लाख ९० वाला परत येतोय का बघा फोन करून.


बांधावरून | दुपारी १.४५

केला काल. त्यानं नव्याचं बुकिंग केलंय.


नांगरट | दुपारी २.००

शेंगा संपल्या, आता एक प्रश्न. पाहुण्यांनी रोटर उचलून बघितला म्हणता. रोटर सौद्यात होता का? आणि टोपलिंक, म्हणजे अवजार ट्रॅक्टरला वरून जोडायचा दांडा, ती कुणाची?


काळी_कसदार | दुपारी २.१२

टोपलिंकवरून धागा भरकटवू नका. मुद्दा शब्दाचा आहे.


आयोवाकर | दुपारी ४.३० (इकडे पहाट)

मूळचा नगर जिल्ह्यातला, नोकरीनिमित्त अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात. इथंही शेतकरी आणि हँडशेक हा विषय निघाला की म्हातारे तासभर बोलतात. पण कायदा उलटा आहे: बहुतेक राज्यांत ५०० डॉलर आणि त्यापुढच्या मालाचा सौदा लेखी नसेल तर कोर्टात टिकत नाही. पैसे दिले-घेतले किंवा माल ताब्यात घेतला असेल तर तेवढ्यापुरती सवलत. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमध्ये एकानं लेखी खुलासा पाठवला आणि दुसऱ्यानं दहा दिवसांत हरकत घेतली नाही, तर तोही धरतात.

यातूनच १९७३ ला मोठा गोंधळ झाला. त्या साली धान्याचे भाव एकदम चढले. शेतकऱ्यांनी गोदामवाल्यांना फोनवर जुन्या भावानं धान्य कबूल केलेलं, ते अनेकांनी नाकारलं. खटले उभे राहिले आणि सगळा वाद एका प्रश्नावर येऊन अडला: शेतकरी हा ‘व्यापारी’ धरायचा का? काही राज्यांच्या कोर्टांनी हो म्हटलं, काहींनी नाही. तिथं भाव चढल्यावर विकणारे फिरले, तुमच्याकडे भाव पडल्यावर घेणारा फिरला. अण्णांना सांगा, फिरणारा फक्त घेणाराच असतो असं नाही.

अवांतर: कॅनडात २०२३ साली सस्कॅचेवान प्रांताच्या कोर्टानं व्हॉट्सॅपवर आपण टाकतो तसल्या अंगठ्याला होकार धरलं. धान्य-खरेदीदारानं जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला, शेतकऱ्यानं नुसता अंगठा टाकला. माल दिला नाही, भाव चढले होते. भरपाई बसली सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर. शेतकऱ्याचं म्हणणं होतं, अंगठा म्हणजे ‘मेसेज मिळाला’.


बांधावरून | सायंकाळी ५.०५

अंगठा वाचून फोन उघडला. ५ सप्टेंबरला मीच पाहुण्यांना मेसेज केला होता, ‘घटस्थापनेला नक्की ना? तसं आम्ही गिऱ्हाईक थांबवलंय.’ त्यांचं उत्तर: एक अंगठा, एक हात जोडलेले.

तेव्हा जीएसटीची बातमी येऊन दोन दिवस झाले होते!


कोर्टकचेरी | सायंकाळी ५.४०

हे आधी सांगायचं ना. मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा चालतो, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पण बोज्याचं उत्तर अजून आलेलं नाही.


करडई | रात्री १०.२५

लातूरकडची आहे. मी जे लिहिणार आहे ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही कदाचित.

२०२० साली माझे मिस्टर अचानक गेले. शेती मी आणि दीर बघतो. गेल्यानंतर महिनाभरानं पलीकडच्या गावचे एक गृहस्थ आले. ओळखत नव्हते मी. अंगणात खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि खिशातून एक छोटी डायरी काढली. लालसर पुठ्ठ्याची, घामानं कडा मऊ झालेली. म्हणाले, ‘मळणी मशीन दोघांत घ्यायचं ठरलं होतं. त्यांचे ६० हजार माझ्याकडे आहेत. मशीन हंगामात आणणार होतो.’ डायरीत तारीख आणि मिस्टरांच्या अक्षरात ‘६००००’ एवढंच. सही नाही, मशीनचं नाव नाही.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दिरांनाही नाही. पैसे परत घ्यायचे की भागीदारी पुढे चालवायची हे त्यांनी मला विचारलं. मी पैसे घेतले.

इथं सगळे म्हणताय शब्द पाळला, शब्द मोडला. त्या माणसानं शब्द पाळला, मी त्यांना देवासारखं मानते. पण ते आले नसते तर? मी कुणाला काय विचारलं असतं? मला प्रश्नच माहीत नव्हता. तोंडी व्यवहार दोघांच्या डोक्यात असतो आणि त्यातलं एक डोकं कधीही जातं. त्यानंतर मी दहा हजारांचं बियाणं उसनं दिलं तरी चुलीमागच्या कॅलेंडरवर लिहिते. दीर चिडवतात. चिडवू देत.


जुना_बाजार | रात्री १०.५०

ताई, वडील गेले तेव्हा त्यांच्या डोक्यातलं काय काय गेलं याचा हिशेब आम्हाला आजवर लागलेला नाही. दोघं-तिघं देणेकरी स्वतःहून आले. येणेकरी सगळे आले.


बांधावरून | २६ सप्टेंबर, रात्री ८.१५

दिवसभर लिहू की नको चाललं होतं. लिहितो.

काल संध्याकाळी गावच्या जावयाला फोन केला. त्यांनी सांगितलं ते असं. टाळी देताना पाहुणे म्हणाले, ‘सगळ्यासकट ना?’ अण्णा म्हणाले, ‘हो हो, सगळ्यासकट.’ अण्णांच्या डोक्यात सगळ्यासकट म्हणजे हूड, बॅटरी, टूलबॉक्स, मागचा हुक. पाहुण्यांच्या डोक्यात रोटरसकट. मघाशीच उचलून बघितला होता ना, ट्रॅक्टरलाच लावलेला! आमचा रोटर जुना आहे, तरी ५०-६० हजारांचा माल. अण्णांना हे विचारल्यावर ते पाच मिनिटं गप्प. मग म्हणाले, ‘रोटरचं नाव कुणी काढलं होतं?’ खरं आहे, कुणीच काढलं नव्हतं.

आणि बोजा. बँकेचं कर्ज २०२१ ला फिटलं. आरसीवरचा एचपी, म्हणजे बँकेच्या बोज्याची नोंद, अजून तसाच आहे. अण्णांनी त्या दिवशी सांगितलं होतं, ‘घटस्थापनेच्या आत उतरवून ठेवतो.’ आम्ही बँकेत गेलोच नाही. पितृपक्ष होता, पाऊस होता, माझ्या मुलीच्या परीक्षा होत्या... खरं म्हणजे आळस.


कोर्टकचेरी | रात्री ८.४०

म्हणजे घटस्थापनेला पाहुणे पूर्ण रक्कम घेऊन दारात उभे राहिले असते, तरी तुम्ही त्यांच्या नावावर ट्रॅक्टर करून देऊ शकला नसता.

करार कायद्याच्या कलम ५१ चा अर्थ साध्या भाषेत असा: दोघांनी एकाच वेळी करायचं असेल, तर स्वतः तयार नसलेल्याला समोरच्याला धरता येत नाही. ‘बोजा उतरवून देतो’ ही अट होती म्हणजे सौदा बिनशर्तही नव्हता, तेव्हा मी वर लिहिलेलं कलम २० तुम्हाला लावायचं झालं तर माझीच पंचाईत होईल. आणि कलम १३ तर माझं आवडतं आहे. सहमती म्हणजे दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थानं मान्य करणं. एक जण ट्रॅक्टर विकत होता, दुसरा ट्रॅक्टर आणि रोटर घेत होता. टाळी मात्र एकच वाजली.

माझ्याकडे अशा भांडणांत येणारी माणसं सहसा ‘मी शब्द दिलाच नव्हता’ असं म्हणत नाहीत. दोघंही शब्द दिल्याचं शपथेवर सांगतात. शब्दात काय काय होतं यावर दोन वेगळी चित्रं असतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.


काळी_कसदार | रात्री ८.५५

मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही. पण अण्णांनी बोजा उतरवायला पाहिजे होता. तोपण शब्दच होता.


नांगरट | रात्री ९.०१

टोपलिंक?


पाटपाणी | रात्री ९.३०

बाकीचं जाऊ द्या, एक गोष्ट मात्र टाळीवर सोडू नका. आमच्या चुलत्यांनी ट्रॅक्टर असाच दिला. पैसे पोहोचले, टीटी फॉर्मवर (मालकाचं नाव बदलायच्या अर्जावर) सह्या करून दिल्या, ‘तुम्ही करून घ्या नावावर’. घेणाऱ्यानं केलं नाही. आठ-दहा महिन्यांनी ऊस भरलेल्या ट्रॉलीवर रात्री मोटरसायकल आदळली. मागं लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. पोरगा गेला. नोटीस आली ती चुलत्यांच्या नावानं, कारण आरटीओच्या दप्तरी मालक तेच. विमा तर मधेच संपलेला. ट्रॅक्टर कुणाकडे होता हे सगळ्या गावाला माहीत होतं, उपयोग शून्य. २०१८ साली सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलंय, नोंद ज्याच्या नावावर तो मालक, मग पुढं हातोहात कितीही वेळा विकलेला असो. विकल्याची खबर विकणाऱ्यानंही १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते, हे आम्हाला तेव्हा वकिलानं सांगितलं.

ट्रॉलीची नोंद वेगळी असते हेही तेव्हाच कळलं.


शोरूमवाला | रात्री ९.५०

वरच्या प्रतिसादाला शंभर वेळा सहमत. आमच्याकडे एक्स्चेंजमध्ये आलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत दर चारपाच मागं एक असा निघतो की आरसीवर तिसऱ्याच माणसाचं नाव.

आणि रोटर, पेरणी यंत्र, मळणी मशीन यांना आरसी नसते हे लक्षात घ्या. तिथं मालकी दाखवायला बिलच. शिवाय रोटर अनुदानावर घेतलेला असेल तर ठरावीक मुदतीत विकणार नाही अशी हमी दिलेली असते. अण्णांना विचारा.


घासाघीस | रात्री १०.३५

सगळे कागद कागद करताय, पण कागद काढला की समोरचा काय म्हणतो माहीत आहे का? ‘विश्वास नाही का?’ माझ्या सासुरवाडीत मी नांगर विकताना वही काढली, मेव्हणा दोन वर्षं बोलला नाही.


करडई | रात्री १०.४१

नांगराचे पैसे दिले का पण त्यांनी?


घासाघीस | रात्री १०.४४

दिले. वहीत लिहिले होते ना.


कोर्टकचेरी | रात्री ११.००

लिहायचंच असेल तर ५०० च्या मुद्रांकामागं धावू नका (गेल्या ऑक्टोबरपासून १०० चा ५०० झालाय). नोटरीचा शिक्का मारला म्हणून मालकी बदलत नाही, ती आरटीओतच बदलते. साधा कागद, चॅसी आणि इंजिन नंबर, काय काय सोबत जाणार, बोजा कुणी कधीपर्यंत उतरवायचा, विसार कशासाठी, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ. आणि दोन लाख किंवा त्यावर रोख घेऊ नका, आयकराला ते चालत नाही.


बांधावरून | ४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.१०

मंडळी, उशीर झाला, पण धागा अर्धवट सोडायचा नव्हता.

बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ तीन दिवसांत मिळाले. चार वर्षं आम्ही ज्याला ‘लई धावपळीचं काम’ म्हणत होतो ते. मग मी गावच्या जावयालाच मधे घातलं आणि दसऱ्याला पाहुण्यांना बोलावलं. आले, आपट्याची पानं घेऊन.

सुरुवातीला अण्णा आणि ते, दोघंही जावयाकडेच बघून बोलत होते. जावई बिचारा घामाघूम. शेवटी पाहुणे म्हणाले, ‘मी पन्नास म्हणालो ते रोटर धरून म्हणालो, रोटर न्हाई असं कळलं आसतं तर दुसरंच बोललो आसतो.’ अण्णा म्हणाले, ‘मी रोटर दिलाच नव्हता.’ मग पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग आकडा परत पहिल्यापासून. शोरूमवाले दादा, तुमचा २४ हजारांचा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला, तो दोघांनाही पटला नाही, पण बोलणं त्याच्या आसपासच फिरलं. ३ लाख ६० हजार, रोटर आमच्याकडे. विसाराचे ११ हजार त्यातच धरले, बाकी आरटीजीएस.

मुलीच्या वहीचं पान फाडून लिहिलं. दोघांच्या सह्या, साक्षीला जावई. ‘ताबा दिला २-१०-२५, सकाळी ११.२०’ हे वाक्य पाहुण्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, हे कशाला? मी पाटपाणींची गोष्ट सांगितली. त्यांनी मान हलवली. टीटी फॉर्म, फॉर्म ३५ सगळं आम्हीच एजंटकडे दिलंय, पावती माझ्याकडे. सह्या झाल्यावर अण्णांनी सवयीनं हात पुढं केला. पाहुण्यांनी मारला.

अण्णांचा राग मात्र अजून पूर्ण गेलेला नाही. कागदावर हूड लिहिला, बॅटरी लिहिली, टूलबॉक्स, जॅक, मागचा हुक, सगळं लिहिलं. रोटर सोडवून गोठ्यात ठेवला. आज सकाळी उसाला सरी सोडायची म्हणून भावाचा ट्रॅक्टर आणला, रिजर जोडायला गेलो, आणि अण्णा माझ्याकडे बघत उभे.

नांगरटराव, टोपलिंक गेली. ट्रॅक्टरलाच लावलेली होती, कागदात नाही. अण्णा म्हणतात ती सौद्यात नव्हती. उद्या सकाळी फोन करणार आहेत.


नांगरट | रात्री ९.१४

मी विचारत होतो.